बिलावरचा पत्ता

“ताई, बिलावरचा पत्ता काढता येतो का?”

जुलै २०२५ मधला एक मंगळवार, रात्रीचे साडेदहा. माझ्याकडे हिशेब असलेली माणसं रात्री फोन करतात ती रिटर्नची मुदत उरावर आली की. हिचा तर कधीच फोन येत नाही, जे काही असेल ते मेलवर, व्यवस्थित मुद्दे घालून. म्हटलं, येतो काढता, पण झालं काय? तर म्हणाली, “आज एक जण घरी येऊन गेला.”

आधी माझ्याविषयी दोन ओळी. मी सीए नाही. सीएंच्या ऑफिसात अकरा वर्षं काढली, आता ठाण्यातून घरूनच बारा-तेरा फ्रीलान्सर मंडळींची बिलं, टीडीएसचा (पैसे देतानाच कापून घेतलेल्या कराचा) मेळ आणि रिटर्नची कागदपत्रं बघते. ही त्यातली एक. मराठी आणि हिंदी मालिकांना इंग्रजी सबटायटल करते, मुलाखती उतरवून देते. डोंबिवली पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर नवरा, सासूबाई आणि ती. हे सगळं तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

झालं ते असं. संध्याकाळी ती भाजी आणायला स्टेशनकडे गेली होती. तेवढ्यात एक माणूस सोसायटीच्या गेटवर आला. वॉचमनने कुठे जायचं विचारलं, तर त्याने मोबाइल पुढे केला. स्क्रीनवर हिचं बिल. “मॅडमच्या पेमेंटचं काम आहे.” वॉचमनने बिलावरूनच विंग आणि फ्लॅट नंबर वाचला, रजिस्टरमध्ये लिहिला आणि सोडलं. वर सासूबाईंनी ऑफिसचा माणूस म्हणून बसवलं, चहा टाकला. ही पिशव्या घेऊन दारात आली तेव्हा तो सोफ्यावर बसून बिस्किट चहात बुडवत होता.

हिने त्याला आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं. नाव मात्र ओळखीचं. अंधेरीच्या ज्या प्रॉडक्शन हाऊससाठी तिने सहा भागांचे सबटायटल केले, तिथे तो असिस्टंट एडिटर, तोही फ्रीलान्सच. तीन आठवडे त्याचे मेसेज चालू होते. आधी टाइमकोडबद्दल, मग डीपीबद्दल, मग रात्री एकला नुसतंच ‘जागी आहेस का’. तिने उत्तर देणं बंद केलं होतं आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आता तो सासूबाईंसमोर अगदी साळसूदपणे म्हणाला, “रिप्लाय नव्हता, म्हटलं भेटूनच यावं. पत्ता बिलावर होताच.”

पत्ता बिलावर होताच. त्या रात्री तिने हे वाक्य मला दोनदा सांगितलं. मला दोष द्यायचा तिचा हेतू नव्हता. पण तो साचा माझा होता.

२०२२ मध्ये मी तो माझ्या सगळ्या मंडळींसाठी केला. वर निळी पट्टी. पट्टीत नाव, त्याखाली विंग-फ्लॅटसकट पूर्ण पत्ता, मोबाइल, ईमेल, पॅन. खाली खातं क्रमांक, आयएफएससी, यूपीआयचा क्यूआर कोड आणि स्कॅन केलेली सही. भरगच्च, नीटनेटकं. ‘आता अकाउंट्सवाल्यांना परत काही विचारायलाच नको’ असं मी अभिमानाने सांगितल्याचं मला आठवतं. हा साचा मला सुचला कुठून? सीएंच्या ऑफिसातल्या दुकानदारांच्या बिलांवरून. दुकानाच्या बिलावर पत्ता ठळक असतो, कारण गिऱ्हाईक परत यावं अशी दुकानदाराची इच्छा असते. मी दुकानाचं बिल उचललं आणि घराच्या दारावर लावलं.

बिल त्याच्यापर्यंत पोचलं कसं, याचा माग आम्ही पुढच्या चार दिवसांत काढला. त्यात रहस्य असं काही निघालं नाही. तिने बिल मेल केलं ते प्रॉडक्शन कोऑर्डिनेटरला, २८,५०० रुपयांचं. पेमेंट रखडलेल्या लोकांनी तगादा लावल्यावर त्या बिचाऱ्याने सगळ्यांची बिलं गोळा केली आणि प्रोजेक्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिली: ‘ही माझ्याकडे आलेली बिलं, कुणाचं राहिलं असेल तर सांगा.’ ग्रुपमध्ये साठच्या वर माणसं. लाइटवाले, स्पॉटबॉय, एडिटर, डबिंगवाले, कोण कधी शिरलं आणि कोण काम सोडूनही ग्रुपमध्येच राहिलं, याचा हिशेब नाही. मी तिच्या फोनवर तो ग्रुप वर सरकवत नेला आणि माझ्या पोटात गोळा आला. तेवीस जणांचे घरचे पत्ते, पॅन, खाते क्रमांक. चार-पाच जणांनी तर बिलासोबत आधार कार्डाची झेरॉक्सही जोडलेली. त्या असिस्टंट एडिटरचं स्वतःचं बिलही तिथेच, मालाडच्या खोलीच्या पत्त्यासकट.

कोऑर्डिनेटरला फोन केला तर तो खरोखरच ओशाळला. पण व्हॉट्सॲपवर सगळ्यांसाठी पुसून टाकायची मुदत दोन दिवस बारा तासांची आणि बिलं टाकून सव्वा महिना झाला होता. आणि समजा पुसता आली असती, तरी उतरवून घेतलेल्या फाइली कुठे जातात?

माणूस दारात येऊन गेला, त्याचं काय केलं ते थोडक्यात सांगते. मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेवले, वॉचमनच्या रजिस्टरच्या पानाचा फोटो घेतला आणि दोघी जाऊन पोलीस ठाण्यात अर्ज दिला. बाईचा नकार स्पष्ट असताना पुन्हा पुन्हा संपर्क करत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे. तिला गुन्हा नोंदवायचा नव्हता, त्याच वर्तुळात काम करायचं होतं. हवालदारांनी समोर बसूनच त्याला फोन लावला. त्यानंतर त्याचा मेसेज आलेला नाही. घरात मात्र जास्त दिवस गेले. सासूबाईंचं म्हणणं एकच: कामाच्या माणसांना घरचा पत्ता द्यायचाच कशाला? नवऱ्याने काम कमी करायचं सुचवून पाहिलं. मला सासूबाईंचा प्रश्न जास्त बरोबर वाटला आणि त्याचं खरं उत्तर शोधायला आम्ही रविवारी बसलो.

पत्ता कुणाला हवा असतो? जीएसटी नोंदणी असलेल्याच्या बिलात काय काय हवं ते २०१७च्या केंद्रीय जीएसटी नियमांतल्या नियम ४६मध्ये दिलं आहे. त्यात पुरवठादाराचं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक पहिल्याच ओळीत येतो. पण हिची नोंदणीच नाही. सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते, आणि तिची त्याच्या जवळपासही नाही. म्हणजे ज्या नियमाच्या धाकाने मी विंग आणि फ्लॅट नंबर छापत होते, तो तिला लागूच नव्हता. नाव आणि ‘डोंबिवली (पूर्व) ४२१२०१’ एवढं पुरेसं होतं. तीन वर्षं मी तिचा दरवाजा छापत होते, कुणी मागितलेला नसताना.

इथे एक उलटी गंमत आहे, ती सांगून ठेवते, कारण दर दोन महिन्यांनी कुणीतरी मला विचारतं की मोठी कंपनी जीएसटी नंबर असलेल्यांनाच काम देते, तर घेऊन टाकू का? घेऊ नका असं नाही, पण घेताना डोळे उघडे ठेवा. जीएसटी पोर्टलवर कुणाचाही नंबर टाकला की कायदेशीर नाव आणि व्यवसायाचं मुख्य ठिकाण कुणालाही दिसतं, लॉगिन न करता. तुमचं मुख्य ठिकाण म्हणजे तुमचं घर असेल, तर घर दिसतं. शिवाय त्या पंधरा अक्षरांत पहिली दोन राज्याची, महाराष्ट्राला २७, गोव्याला ३०. पुढची दहा म्हणजे तुमचा पॅन, जसाच्या तसा. पॅन लपवून जीएसटी नंबर छापणारे लोक मी पाहिले आहेत. नोंदणी घ्यायचीच असेल तर कोवर्किंगची जागा किंवा आई-वडिलांचं बंद पडलेलं दुकान असं काही ठिकाण भाडेकरार किंवा संमतीपत्र करून दाखवता येतं. त्याचा खर्च आणि खटाटोप खरा आहे. एकट्या राहणाऱ्या बाईला मी तो करायलाच सांगेन.

तिनेही आधी घराला पर्याय शोधला होता. धंद्याचं वेगळं नाव घ्यावं, त्या नावाने खातं उघडावं, म्हणजे बिलावर आपलं नाव-गाव नको. कल्पना चांगली. पण त्या नावाचं चालू खातं उघडायला बँक धंद्याचा पुरावा मागते, गुमास्ता (दुकान-आस्थापनेची नोंदणी) किंवा उद्यम (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी). दोन्ही ऑनलाइन मिळतात आणि दोन्हींवर पत्ता येतो. उद्यम प्रमाणपत्रावर तर पत्त्याबरोबर मोबाइल आणि ईमेलही छापून येतो. ते प्रमाणपत्र बिलाला जोडायची फ्रीलान्सरांत आता पद्धत पडली आहे, कारण लघुउद्योग कायद्यातली ४५ दिवसांत पैसे देण्याची अट दाखवता येते. मी स्वतः ते जोडायला सांगत आले. आता सांगते की फक्त उद्यम क्रमांक लिहा. ज्याला खात्री हवी तो पोर्टलवर पडताळून घेईल.

मोबाइल नंबरवर आमची थोडी बाचाबाची झाली. मी म्हटलं, नंबर बिलावरून काढ. ती म्हणाली, “काढून काय? तो नंबर साठ फोनमध्ये सेव्ह आहे.” मग नंबर बदलायचा? ते अशक्यच होतं. त्याच नंबरावर बँकेचे ओटीपी, आधारचे ओटीपी, गॅसचं बुकिंग, सासूबाईंच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट. तेव्हा माझ्या लक्षात आलं की घराची किल्ली जिथे ठेवतो तोच नंबर आम्ही जाहिरातीसारखा छापत होतो. जुना नंबर बदलता येत नसेल तर तो कामातून काढून घ्यायचा. तिने एक प्रीपेड सिम घेतलं, जुन्या सेकंडहँड फोनमध्ये घातलं, व्हॉट्सॲप बिझनेस त्यावर सुरू केलं. रात्री आठनंतर तो फोन स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे ठेवलेला असतो. जुन्या नंबरावर प्रोफाइल फोटो आणि ‘लास्ट सीन’ फक्त ओळखीच्यांना. मेलची सही, प्रोफाइल, बिल, सगळीकडे नवा नंबर. बिलावर तर नंबर ठेवलाच नाही, नुसता ईमेल.

पॅनवर मी चुकले होते, तेही सांगते. रागाच्या भरात मी म्हटलं, पॅनही काढून टाक, अकाउंट्सला एकदा मेलवर देऊ. मग घरी येऊन कायदा उघडून पाहिला. तेव्हा लागू असलेल्या १९६१च्या आयकर कायद्यातलं कलम २०६एए स्पष्ट म्हणत होतं की टीडीएस कापला जाणार असेल तर पॅन कापणाऱ्याला द्यायचा आणि दोघांनीही तो एकमेकांना पाठवलेल्या पत्रांवर, बिलांवर, व्हाउचरवर लिहायचा. दिला नाही तर १० टक्क्यांऐवजी २० टक्के कापले जाणार. हां, व्यावसायिक फीवर कलम १९४जेखाली कपात एका देणाऱ्याकडून वर्षात मिळालेली रक्कम ५०,०००च्या वर गेली की लागते. एप्रिल २०२५ आधी हीच मर्यादा ३०,००० होती. तिला या प्रॉडक्शन हाऊसकडून त्या वर्षी तोवर ४२,५०० मिळायचे होते. म्हणजे त्या दिवशी पॅन लिहिणं भाग नव्हतं, पण पुढच्या बिलाला मर्यादा ओलांडणारच होती. तो ठेवला. (१ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे आकडे बदलले. जुन्या आकड्यांवर बोट ठेवून अकाउंट्सशी भांडू नका.)

पॅन ठेवायचाच, तर त्याच्या शेजारी काय ठेवायचं नाही याचा विचार करायला हवा. एकटा पॅन फारसं काही करत नाही. पॅन, जन्मतारीख, वडिलांचं नाव, सही आणि आधारची प्रत एकाच पीडीएफमध्ये असली की मात्र कुणाच्या तरी नावावर कर्ज काढण्याची सामग्री तयार होते. आमच्या बिलात सहीचं चित्र होतं, बँकेत असते तीच सही, वर्ड फाइलमधून उचलून घेता येईल अशी. ती काढली. ‘संगणकावर तयार केलेलं बिल, सहीची आवश्यकता नाही’ ही ओळ घातली. नोंदणी नसलेल्याच्या बिलाला सही हवीच असं मला कुठे सापडलं नाही, आणि आजवर एकाही अकाउंटंटने मागितलेली नाही.

त्याच आठवड्यात तिची बाकी तपासणीही करून टाकली. क्रेडिट माहिती ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मागवला. तिच्या नावावर तिने न काढलेलं कर्ज नव्हतं. दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर तिच्या नावावर किती सिम चालू आहेत ते पाहिलं: दोन, दोन्ही तिचीच. आयकर खात्याकडच्या फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहितीपत्रकातही अनोळखी नोंद नव्हती. एवढ्याने साधलं काय, तर ती त्या रात्री झोपली.

पण ऑगस्टमध्ये दुसरं शेपूट निघालं. बिलावरच्या क्यूआरमागे जो यूपीआय आयडी होता, तो म्हणजे तिचा मोबाइल नंबरच, पुढे नुसतं बँकेचं शेपूट. एका दुपारी त्यावर कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे आपल्याकडून पैसे मागणारी विनंती, आली. शेऱ्यात लिहिलेलं: ‘अकाउंट्स पेमेंट २८,५००’. पाठोपाठ फोन: मॅडम, तुमचं पेमेंट पाठवलंय, ॲपमध्ये दिसेल, पिन टाकून घ्या. पैसे यायला पिन लागत नाही, जायला लागतो, हे तिला ठाऊक होतं. तिने फोन ठेवला. सायबर फसवणुकीच्या १९३० क्रमांकावर कळवलंही. पण रक्कम तंतोतंत तीच होती, हे आम्हाला विसरता आलं नाही. ते बिल पाहिलेल्या कुणाचं तरी हे काम, की त्या ग्रुपमधून फाइल आणखी कुठे गेली होती, याचा छडा लागला नाही. १ ऑक्टोबर २०२५पासून व्यक्ती-ते-व्यक्ती कलेक्ट रिक्वेस्ट यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने बंदच केल्या, त्यामुळे तो दरवाजा आता मिटला आहे. आम्ही आयडी बदलला: नंबराऐवजी एक निरर्थक शब्द, आणि मागे फक्त कामाच्या पैशाचं वेगळं खातं, ज्यात महिन्याच्या शेवटी फारसं काही उरत नाही. क्यूआर बिलावरून गेला. तो मागितला तरच द्यायचा.

आता व्हेंडर फॉर्म, म्हणजे पैसे देण्याआधी कंपनी आपली माहिती भरून घेते तो. मूळ भानगड बिलाची असली तरी मला सगळ्यात जास्त चीड या कागदाची आली. दोन पानी फॉर्म: पूर्ण पत्ता, कायमचा पत्ता, जन्मतारीख, वडिलांचं किंवा पतीचं नाव, पॅनची प्रत, आधारची प्रत, रद्द केलेला चेक. सबटायटल करणाऱ्या बाईच्या पतीचं नाव कशाला? प्रॉडक्शन हाऊसच्या अकाउंट्समधल्या गृहस्थांना मी फोनवर नीट विचारलं. ते म्हणाले, “मॅडम, फॉर्म वरून आलाय.” वरून म्हणजे कुठून, तर त्यांनाही माहीत नव्हतं. बहुतेक तोही असाच कुठल्या तरी फॅक्टरीच्या कंत्राटदारांच्या फॉर्मवरून उचलला असणार, माझ्या साच्यासारखा.

आधारबद्दल मात्र मी हटून बसले. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात खाजगी कंपन्यांनी कराराच्या जोरावर आधार वापरण्याची मुभा रद्द केली. सबटायटलचे पैसे द्यायला आधारची झेरॉक्स लागते, असं सांगणारा नियम त्यांनी दाखवावा, मी लगेच पाठवते, म्हटलं. दाखवला नाही. खरं तर या प्रतींबद्दल सरकारी पातळीवरही चलबिचल झालेली आहे. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू विभागीय कार्यालयाने लोकांना आधारची प्रत कुणालाही देऊ नका, पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्या, असं पत्रक काढलं. दोन दिवसांत ते मागे घेतलं गेलं, गैरसमज होईल म्हणून. झाकलेली प्रत उतरवून घ्यायची सोय मात्र तेव्हाही होती आणि आजही आहे. ओळखपत्र दिल्याशिवाय चालणारच नाही असा कुणी हट्ट धरला, तर तीच द्यायची आणि तिच्यावर आडवं लिहायचं: कुणासाठी, कशासाठी, तारीख.

रद्द चेकचं उत्तर तर त्यांच्याच बँकेने देऊन ठेवलं होतं. एप्रिल २०२५पासून आरटीजीएस आणि एनईएफटी करताना खातं क्रमांक आणि आयएफएससी टाकला की खातेदाराचं नाव दिसलं पाहिजे, अशी सोय बँकांनी द्यायची आहे. चेक मागायचा तो नावाची खात्री करायला. नाव स्क्रीनवर दिसतंय तर चेक कशाला? गृहस्थ थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “हे आम्हाला वापरायला कुणी सांगितलंच नाही.” शेवटी फॉर्म अर्धाच भरून गेला: नाव, शहर, पॅन, खातं, ईमेल. जन्मतारखेच्या आणि पतीच्या रकान्यात रेघ. चालला. मला वाटतं, ते रकाने कुणी कधी वाचतच नव्हतं.

दोन बारक्या गोष्टी आमच्या हाती या निमित्ताने लागल्या. एक, बिलाचा नंबर. तिचं त्या अंधेरीच्या बिलावर ‘बिल क्र. ७’ होतं. आर्थिक वर्षाच्या पहिल्या तिमाहीत सातवं बिल. भाव करणाऱ्याला यावरून पुरतं कळतं की हिच्याकडे काम किती आहे. जीएसटीच्या नियमातही एकापेक्षा जास्त मालिका चालतात, क्रमाने असल्या आणि वर्षात पुन्हा आल्या नाहीत म्हणजे झालं. नोंदणी नसलेल्याला तर तेवढंही बंधन नाही. आता प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी मालिका आहे. दुसरी गोष्ट तिच्यापेक्षा तिच्या गिऱ्हाइकांच्या खाजगीपणाची. एका संशोधकासाठी तिने मुलाखती उतरवल्या होत्या आणि बिलात कामाचं वर्णन म्हणून मुलाखत दिलेल्या बाईचं नाव आणि ती कुठल्या आजाराबद्दल बोलली तेही लिहिलं होतं. आपल्याला कळावं म्हणून. ‘ध्वनिमुद्रण उतरवणे, १४० मिनिटे’ एवढं पुरलं असतं. शिवाय ती जुन्या गिऱ्हाइकाचंच बिल उघडून त्यावर नवं लिहायची, त्यामुळे पीडीएफच्या गुणधर्मांत आधीच्या गिऱ्हाइकाचं नाव शीर्षक म्हणून तसंच राहिलेलं. हे तिने स्वतःच शोधून काढलं आणि स्वतःच कपाळावर हात मारला.

परदेशी गिऱ्हाइकांचं गणित वेगळं आहे. तिचं एकच आहे, अमेरिकेतलं. त्यांनी डब्ल्यू-८बेन फॉर्म (आपण अमेरिकेबाहेरचे आहोत हे करासाठी सांगणारा) मागितला. त्यात राहण्याचा कायमचा पत्ता लागतो आणि पोस्टाची पेटी चालत नाही. तिथे दिला. पत्ता खरोखर लागतो तिथे द्यायचाच असतो. तो फॉर्म पैसे देणाऱ्या कंपनीच्या दप्तरात राहतो, साठ जणांच्या ग्रुपवर जात नाही.

डेटा संरक्षणाच्या कायद्याबद्दल तिने विचारलं तेव्हा मला तिची निराशा करावी लागली. २०२३ मध्ये कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि माहिती पुसून मागण्यासारख्या मुख्य तरतुदी त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायच्या आहेत. लागू झाल्यावरही बिल पुसून मागता येईल असं वाटत नाही, कारण कंपनीला हिशेबाची कागदं वर्षानुवर्षं सांभाळावीच लागतात. फॉर्मसोबत दिलेली आधारची प्रत पुसून मागता येईल. आणि जी माहिती आपण स्वतःहून सार्वजनिक केली, तिला हा कायदा हातच लावत नाही. म्हणजे वेबसाइटवर ‘संपर्क’ म्हणून घरचा पत्ता टाकून ठेवणाऱ्यांनी या कायद्याची वाट पाहू नये. तरी पूर्वी जिला आधारची प्रत दिली होती अशा एका जुन्या कंपनीला तिने मेल टाकला: ती प्रत काढून टाकल्याचं लेखी कळवा. अकरा दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं. काढली. मी ते उत्तर तिच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलं आहे.

नवा साचा मी सप्टेंबरात माझ्या सगळ्या मंडळींना पाठवला. निळी पट्टी गेली. वर नाव, गाव, पिनकोड, ईमेल आणि पॅन. खाली खातं आणि आयएफएससी. एक जण म्हणाला, फार रिकामं दिसतंय, क्लायंटला वाटेल मी नवखा आहे. त्याने जुनाच ठेवला आहे. पुरुष आहे, तळमजल्यावर आई-वडील असतात, त्याला फरक पडत नाही असं त्याचं म्हणणं. वाद घातला नाही.

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात तिला प्रॉडक्शन हाऊसमधून एका मुलीचा फोन आला, नव्या नंबरावर. “मॅडम, सगळ्या व्हेंडर्सना मिठाईचा डबा पाठवतोय. तुमचा पत्ता फक्त डोंबिवली पूर्व एवढाच आहे सिस्टिममध्ये. पूर्ण सांगता का?”

ती म्हणाली, मी अंधेरीला येईन तेव्हा घेऊन जाईन. मग महिनाभर तिचं अंधेरीला जाणं झालंच नाही. काजूकतली होती म्हणे. ऑफिसातल्यांनी खाल्ली.